गाडीतील सीबी रेडिओ : इतरांचे स्पष्ट ऐकू येते, पण आमचा आवाज दूरवर पोहोचत नाही

प्रश्न : माळवी मुसाफिर (इंदूर)

नमस्कार. इंदुरातील आम्ही काही कुटुंबे सुट्टीच्या दिवशी चार गाड्यांच्या ताफ्याने मांडू, महेश्वर, जामगेट अशा ठिकाणी जातो. घाट उतरताना मोबाइलचे नेटवर्क अनेकदा जाते, आणि पुढची गाडी कोणत्या वळणावर थांबली आहे किंवा मागच्या गाडीचे चाक पंक्चर झाले आहे का, हे कळण्यास काहीच मार्ग उरत नाही. म्हणून आम्ही सर्वांनी २७ मेगाहर्ट्झच्या नागरिक पट्ट्यातील, म्हणजे सीबीचे, एकाच प्रकारचे संच बसवून घेतले. संच चार वॅटचे असून त्यांवर एएम आणि एफएम अशा दोन्ही पद्धती आहेत.

अडचण फक्त माझ्या गाडीची आहे. उरलेल्या तिन्ही गाड्या महूच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर एकमेकींशी पाच-सहा किलोमीटरपर्यंत व्यवस्थित बोलतात आणि त्यांचे बोलणे मलाही स्वच्छ ऐकू येते. परंतु मी बोललो की दीड किलोमीटरच्या पुढे माझा आवाज कोणालाच कळत नाही. माझी गाडी जुन्या बांधणीची जीप असून तिचे छत फायबरचे आहे. छतावर लोखंडी कॅरियर आहे, कॅरियरवर एक पत्र्याची पाटी बोल्टने बसवली आहे आणि त्या पाटीवर चुंबकाच्या बैठकीची, सुमारे सव्वा मीटर उंचीची अँटेना उभी केली आहे. अँटेनाची मूळ केबल पुरेना, म्हणून एका कारागिराकडून डिश टीव्हीच्या केबलचा तुकडा जोडून घेतला. उरलेली केबल सीटखाली गुंडाळून ठेवली आहे. संचाला वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून दिली आहे.

माझा तर्क असा आहे की ज्याअर्थी ऐकू उत्तम येते, त्याअर्थी अँटेना ठीक असावी आणि दोष संचातील प्रक्षेपणाच्या भागात असावा. नवा संच घ्यावा, की काही जण सुचवतात त्याप्रमाणे बूस्टर, म्हणजे प्रक्षेपणाची शक्ती वाढवणारे जोडयंत्र, लावावा? महागडी उपकरणे न घेता कोणत्या क्रमाने तपासणी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पावसाळ्यानंतर घाटात पुन्हा जायचे आहे आणि बरोबर वृद्ध माणसे व लहान मुले असतात, त्यामुळे हे काम मला अर्धवट सोडायचे नाही.

उत्तर : तारयंत्री (महू)

आपण सर्व तपशील दिलात, हे फार बरे केलेत. आपल्या वर्णनात दोन-तीन संशयास्पद जागा मला स्पष्ट दिसतात, परंतु त्याआधी आपल्या तर्काविषयी बोलणे आवश्यक आहे, कारण ‘ऐकू येते म्हणजे अँटेना ठीक आहे’ या समजुतीपायी अनेक चांगले संच विनाकारण बदलले जातात.

२७ मेगाहर्ट्झच्या आसपास आपल्या संचाला जो खरखराट ऐकू येतो, त्यातील बहुतेक भाग संचाच्या आतला नसतो. तो आकाशातील विजा, वीजवाहिन्या, गाड्यांचे इग्निशन, एलईडी दिवे आणि चार्जर यांच्याकडून अँटेनावाटेच आत येतो. आता अँटेनाच्या किंवा तिच्या जोडणीच्या दोषामुळे समजा येणाऱ्या ऊर्जेचा दहावा भागच संचापर्यंत पोहोचला, तर मित्राचा आवाज दहापट क्षीण होतो, पण त्याबरोबर खरखराटही दहापट क्षीण होतो. दोघांचे परस्परप्रमाण तेच राहते आणि संच आपोआप आवाज वाढवून घेतो, म्हणून बोलणे पूर्वीइतकेच स्वच्छ ऐकू येते. इंदूरच्या सराफ्यात रात्रीच्या गर्दीत कानात थोडा कापूस घातला, तर बाजाराचा गोंगाट आणि शेजाऱ्याचे बोलणे दोन्ही सारखेच मंदावते आणि बोलणे कळायचे राहत नाही. तसेच हे आहे. प्रक्षेपणाच्या वेळी मात्र असा बचाव नसतो. आपल्या चार वॅटांपैकी नऊदशांश शक्ती वाटेत नष्ट झाली, तर समोरच्या गाडीकडे पोहोचणारा आपला आवाज दहापट क्षीण होतो आणि त्या गाडीभोवतीचा खरखराट आहे तेवढाच राहतो. त्यामुळे आपले बोलणे त्या खरखराटाखाली बुडून जाते. सारांश, आपण सांगितलेली लक्षणे अँटेनाच्या दोषाशी पूर्णपणे जुळतात.

तरीही अंदाजावर काम करू नये. आपल्या ताफ्यात एकाच प्रकारचे चार संच आहेत, ही मोठी सोय आहे. आपला संच काढून मित्राच्या गाडीत त्याच्या अँटेनाला व त्याच्या विजेला जोडावा आणि मित्राचा संच आपल्या गाडीत बसवावा. संचाबरोबर त्याचा माइकही हलवावा. दोष जर आपल्या गाडीतच राहिला, तर संच निर्दोष आहे. दोष जर संचाबरोबर मित्राच्या गाडीत गेला, तर दुरुस्ती संचाची किंवा माइकची करावी. या अदलाबदलीला एक पैसाही लागत नाही आणि निम्मे प्रश्न तिथेच निकालात निघतात. एकच काळजी घ्यावी : अँटेना जोडलेली नसताना बोलण्याचे बटण कधीही दाबू नये, कारण त्याने संचातील अंतिम टप्प्याचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

माझा पहिला संशय आपल्या कॅरियरवर आहे. गाडीवरची अशी अँटेना म्हणजे अर्धीच अँटेना असते. उरलेला अर्धा भाग गाडीच्या पत्र्याने पुरवायचा असतो. चॅनल १९ वर, म्हणजे २७.१८५ मेगाहर्ट्झवर, लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते आणि पूर्ण पाव लहरीची अँटेना पावणेतीन मीटरच्या आसपास येते. आपली सव्वा मीटरची अँटेना खाली गुंडाळी घालून विजेच्या दृष्टीने लांब केलेली आहे. अशा आखूड अँटेनाचा प्रत्यक्ष लहरी फेकणारा रोध फार थोडा, जेमतेम पाच ओहमांच्या आसपास असतो. समजा, पत्र्याच्या सदोष जोडणीमुळे वाटेत पंधरा ओहम वाया घालवणारा रोध आला, तर चार वॅटांपैकी एकच वॅट आकाशात जाईल आणि तीन वॅट उष्णता होऊन संपतील. गुंडाळीतील हानी त्याशिवाय वेगळी. अँटेना जितकी आखूड, तितकी पत्र्याची जोडणी अधिक महत्त्वाची, असे हे गणित आहे.

चुंबकाची बैठक पत्र्याला धातूने जोडलेली नसते. रंगाच्या थराआडून, संधारित्राप्रमाणे ती पत्र्याशी जोडली जाते, आणि पोलादी छताचा मोठा पृष्ठभाग मिळाला तर हे व्यवस्थित चालते. आपल्याकडे मोठा पत्रा नाहीच. हातभर पाटी आहे, ती रंगवलेल्या कॅरियरवर आहे, आणि कॅरियरचे पाय बहुधा रबरी गादीवर किंवा थेट फायबरवर टेकलेले आहेत. म्हणजे अँटेनाचा उरलेला अर्धा भाग गाडीच्या सांगाड्याशी जोडलेलाच नसण्याची शक्यता आहे. अशा वेळी केबलची बाहेरची जाळीच अँटेनाचे काम करू लागते आणि लहरी गाडीच्या आत, सीटखालच्या गुंडाळीपर्यंत फिरत राहतात.

साधा मल्टिमीटर घेऊन, अँटेनाची केबल संचापासून सोडवून, दोन गोष्टी मोजाव्यात. कॅरियरवरील पाटी, रंग खरवडून, आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील रोध एक ओहमपेक्षा कमी दिसला पाहिजे. केबलच्या एका टोकाच्या मधल्या तारेपासून दुसऱ्या टोकाच्या मधल्या तारेपर्यंत आणि जाळीपासून जाळीपर्यंत अखंड वहन असले पाहिजे, आणि हे पाहताना केबल हलवून, वाकवून पाहावी, म्हणजे सैल जोड उघडा पडेल. मधली तार व जाळी यांच्यात मात्र वहन दिसले म्हणून लगेच दोष मानू नये, कारण काही अँटेनांच्या तळाशी गुंडाळी मुद्दाम जमिनीला जोडलेली असते. अँटेना पूर्ण सोडवून, फक्त केबल मोजूनच निष्कर्ष काढावा.

उत्तर : घाटवाट (इंदूर)

मी अनेक वर्षे मालवाहू गाड्यांचे विजेचे काम करत आहे. माझ्या अनुभवानुसार केबल बरोबर अठरा फुटांचीच असावी लागते. आपण तुकडा जोडल्यामुळे ती बिघडली आहे. अठरा फुटांची नवी केबल घालावी आणि ती कापू नये. त्यानेही भागले नाही, तर शंभर वॅटचा बूस्टर लावल्यास अंतराचा प्रश्न उरणार नाही.

उत्तर : तारयंत्री (महू)

घाटवाट यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव मोठा आहे आणि तुकडा काढून अखंड केबल घालावी, हा त्यांचा सल्ला पूर्णपणे योग्य आहे. अठरा फुटांच्या आकड्याविषयी मात्र थोडे लिहितो. आरजी-५८ सारख्या केबलमध्ये लहर मोकळ्या हवेतल्यापेक्षा सुमारे दोनतृतीयांश वेगाने धावते. त्या हिशेबाने पाऊण लहरीची केबल साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट, भरते. अँटेना जुळलेली नसताना या लांबीमुळे मीटरवरचे वाचन बदलून दिसू शकते, आणि जाळीच लहरी फेकत असेल तर लांबीचा परिणाम आणखी जाणवतो. परंतु अँटेना ५० ओहमांना नीट जुळलेली असेल आणि पत्र्याची जोडणी पक्की असेल, तर केबल दहा फूट असो वा पंधरा, फरक पडत नाही. म्हणून गाडीत जेवढी लागते तेवढी, थोडी सैल राहील अशी केबल ठेवावी.

डिश टीव्हीची केबल ७५ ओहमांची असते. केवळ त्या विसंगतीमुळे होणारे नुकसान फार मोठे नाही. खरी अडचण अशी की तिची बाहेरची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि ॲल्युमिनियमला साधा डाख बसत नाही. कारागिराने जाळी पिळून टेपने गुंडाळली असेल, तर तो जोड महिनाभरही टिकत नाही; त्यात ओल शिरते आणि रोध वाढतो. दोन्ही टोकांना पीएल-२५९ जोडणी, म्हणजे केबलच्या टोकाचा आट्यांचा प्लग, पक्क्या डाखाने बसवलेली, तांब्याच्या जाळीची ५० ओहमांची केबलच घ्यावी. इंदुरात जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात चौकशी केल्यास अशी केबल मिळण्यास अडचण येऊ नये. घेताना तिच्या अंगावर छापलेला क्रमांक वाचावा आणि टोक सोलून जाळीचा रंग पाहावा.

बूस्टरविषयी माझा विरोध ठाम आहे, आणि तो केवळ तांत्रिक नाही. भारतात २००५ साली नागरिक पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना परवान्यातून सूट मिळाली, ती पाच वॅटच्या मर्यादेत आणि इतरांच्या सेवेत व्यत्यय न आणण्याच्या अटीवर मिळाली. शंभर वॅटचा बूस्टर लावला की ती सूट संपते आणि आपण विनापरवाना प्रक्षेपक चालवणारे ठरतो. महूसारख्या छावणीच्या परिसरातून जाताना याचे गांभीर्य अधिकच आहे. त्याच ओघात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. परदेशी बांधणीच्या चाळीस चॅनलच्या संचात शेवटचे चॅनल २७.४०५ मेगाहर्ट्झवर असते आणि आपल्याकडील सवलतीचा पट्टा त्याआधीच संपतो. त्यामुळे संचावर चॅनल आहे म्हणून ते वापरण्यास मोकळे आहे, असे समजू नये. अधिसूचनेतील पट्टा, अँटेनाविषयीच्या अटी आणि संचाला उपकरण-मंजुरी आहे की नाही, हे सर्व एकदा मुळातून वाचून घ्यावे.

तांत्रिक बाजूने पाहिले, तर जमिनीशी नीट न जोडलेल्या अँटेनात शंभर वॅट ढकलल्यास ती शक्तीही केबलच्या जाळीवरून गाडीतच परत येईल. माइक हातात धरल्यावर चटका बसणे, वायपर आपोआप हलणे, इंजिनच्या संगणकात गडबड होणे, असे प्रकार यातूनच घडतात.

प्रतिसाद : माळवी मुसाफिर (इंदूर)

काका, आपण सांगितल्याप्रमाणे सर्व तपासण्या केल्या आणि त्यांचा निकाल इतर वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे.

संचांची अदलाबदल केली, तेव्हा माझा संच मित्राच्या गाडीत उत्तम चालला आणि मित्राचा संच माझ्या गाडीत माझ्याइतकाच अडखळला. म्हणजे संच आणि माइक निर्दोष आहेत. मल्टिमीटरने पाहिले असता कॅरियरवरील पाटी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात वहन मुळीच नाही. कॅरियरचे चारही पाय रबरावर आहेत. केबलच्या जोडावर टेप सोडल्यावर आत हिरवट-पांढरा थर दिसला आणि केबल हलवली की जाळीचे वहन जात-येत होते.

एका परिचितांकडून एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत फिरते याचा अंदाज देणारा मीटर, मिळाला. जुन्या स्थितीत चॅनल १ पासून वरपर्यंत सगळीकडे काटा ३ च्या पुढे जात होता. त्यानंतर मी तांब्याच्या जाळीची अखंड केबल घातली आणि कॅरियरपासून समोरच्या काचेच्या लोखंडी चौकटीपर्यंत, दोन्ही ठिकाणी रंग खरवडून, तांब्याची रुंद विणलेली पट्टी बोल्टने आवळली. आता चॅनल १ वर १.७ आणि चॅनल २७ वर २.२ असे वाचन येते. मित्रांच्या म्हणण्यानुसार माझा आवाज आता तीन किलोमीटरपर्यंत कळतो. येथून पुढे काय करावे? आणि २.२ या आकड्याने नेमके किती नुकसान होते?

उत्तर : तारयंत्री (महू)

आपण तपासणी नेमकी केलीत, त्यामुळे पुढचे सांगणे सोपे झाले आहे. सर्वच चॅनलवर वाचन ३ च्या पुढे असले, तर दोष बहुधा केबलचा किंवा पत्र्याच्या जोडणीचा असतो. अँटेनाच्या लांबीला तेव्हा हात लावू नये. आता वाचन खालच्या चॅनलवर कमी आणि वरच्या चॅनलवर जास्त आहे, याचा अर्थ अँटेना थोडी लांब आहे. तिच्या टोकाची सळई सरकवता येत असेल, तर ती काही मिलिमीटरच आत घ्यावी, स्क्रू आवळावा आणि पुन्हा मोजावे. सळई कापावी लागत असेल, तर एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त कापू नये, कारण कापलेली परत जोडता येत नाही. मोजताना गाडी मोकळ्या मैदानात असावी, दरवाजे व बॉनेट बंद असावेत आणि शेजारी दुसरी गाडी, लोखंडी फाटक किंवा विजेचा खांब नसावा. आधी चॅनलवर कोणी बोलत नाही याची खात्री करून, थोडक्यात मोजून बटण सोडावे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे : वाचन १.५ असताना सुमारे ४ टक्के शक्ती परत फिरते, २ असताना ११ टक्के आणि ३ असताना २५ टक्के. म्हणजे २.२ वरून १.३ वर आल्याने ऐकणाऱ्याला स्वतंत्रपणे जाणवेल असा फरक पडणार नाही. संचाची सुरक्षितता वाढेल, इतकेच. आपला पल्ला वाढला तो मुख्यतः पट्टी आणि केबल यांमुळे. हे मी आवर्जून लिहितो, कारण मीटरचा काटा १ वर आणणे हेच अनेकांचे ध्येय होऊन बसते. अँटेनाच्या जागी ५० ओहमांचा साधा रोध जोडला, तर मीटर अगदी १ दाखवील आणि आकाशात काहीच जाणार नाही. ओल शिरलेली जुनी केबलसुद्धा परतीची शक्ती वाटेतच गिळते आणि वाचन चांगले दाखवते. म्हणून खरी कसोटी घ्यायची ती दुसऱ्या गाडीत : ती ठरावीक अंतरावर, एकाच जागी उभी करावी आणि प्रत्येक बदलानंतर तिच्या संचावरचा एस-मीटरचा, म्हणजे येणाऱ्या लहरींचा जोर दाखवणारा, काटा कुठे जातो, हे त्या गाडीतील माणसाने सांगावे. त्या मीटरचे आकडे काटेकोर नसतात, पण आधीपेक्षा जास्त की कमी, हे ते विश्वासाने दाखवतात.

आणखी पल्ला हवा असेल, तर अँटेनाची जागा बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फायबरच्या छतावर उंची मिळते, परंतु खाली पत्रा नाही. बॉनेटच्या कडेला, काचेच्या चौकटीच्या पायाशी, लोखंडी कंस थेट सांगाड्याला बोल्टने बसवून त्यावर अँटेना उभी केली, तर जोडणी पक्की होईल. आणि उंची कमी झाल्याने तिथे दीड-पावणेदोन मीटरची अधिक लांब अँटेना वापरता येईल. लांबीचा हा लाभ मोठा आहे, कारण लहरी फेकणारा रोध लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बॉनेट बिजागरांवर असते आणि बिजागरातून वहन भरवशाचे नसते, म्हणून तिथेही एक विणलेली पट्टी घालावी. अशा कोपऱ्यातील अँटेनाचा आवाज गाडीच्या तिरप्या विरुद्ध कोपऱ्याच्या दिशेला, म्हणजे डावीकडे पुढे बसवली तर उजवीकडे मागे, जास्त जातो; ताफ्यात आपली गाडी पुढे असते की मागे, हे पाहून बाजू निवडावी.

उत्तर : विद्युल्लेखा (बडोदे)

वरील मार्गदर्शन उत्तम आहे. विजेच्या पुरवठ्याविषयी आणि पद्धतीविषयी मी थोडी भर घालते.

लायटरच्या सॉकेटमध्ये स्प्रिंगचा संपर्क सैल असतो आणि तारा बारीक असतात. बोलण्याचे बटण दाबताच संचाचा विद्युतप्रवाह वाढतो आणि दाब १३.८ व्होल्टवरून, समजा, ११ व्होल्टपर्यंत उतरला, तर प्रक्षेपणाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून जवळजवळ एकतृतीयांशाने कमी होते. पल्ल्यावर याचा परिणाम माफकच असतो, परंतु आवाज चिरका आणि दबलेला येतो आणि दूरच्या माणसाला शब्द कळेनासे होतात. दोन्ही तारा थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात आणि धन तारेत बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घालावा. फ्यूज संचाजवळ घातला तर मधली लांब तार घासून शॉर्ट झाल्यास तिला कोणतेच संरक्षण राहत नाही. बटण दाबलेले असताना संचाच्या मागे मल्टिमीटर लावून दाब किती उतरतो, ते अवश्य मोजावे.

आपल्या संचांवर एएम आणि एफएम दोन्ही आहेत, हे वाचून एक शंका येते. ताफ्यातील कोणाचा संच चुकून एफएमवर असेल आणि इतरांचे एएमवर असतील, तर जवळच्या अंतरावर आवाज खरखरीत पण ऐकू येतो आणि थोडे दूर गेल्यावर नाहीसा होतो. लक्षण अगदी अँटेनाच्या दोषासारखे दिसते. निघण्यापूर्वी सर्वांनी पद्धत आणि चॅनल एकत्र तपासावे.

ऐकणाऱ्याला एक प्रश्न नेहमी विचारावा : माझा आवाज क्षीण आहे, की काटा भरपूर वर जाऊनही शब्द क्षीण आहेत? काटा वर जात असेल आणि शब्द दबलेले असतील, तर लहरी पोहोचत आहेत आणि दोष माइकमध्ये, त्याच्या पिळलेल्या तारेत किंवा माइक तोंडापासून फार दूर धरण्यात आहे. माइक तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरवर, किंचित तिरका धरून, नेहमीच्या आवाजात बोलावे.

ज्या गाड्यांना आपण ऐकू जात नाही, त्या गाड्यांतील खरखराटही तपासावा. स्वस्त यूएसबी चार्जर, डॅशकॅम आणि नंतर बसवलेले एलईडी दिवे एकेक बंद करून पाहावे. एखादा बंद करताच खरखराट खाली आला, तर आपल्या गाडीत काहीही न बदलता आपला पल्ला वाढेल.

प्रतिसाद : माळवी मुसाफिर (इंदूर)

विद्युल्लेखाताई, आपले मनःपूर्वक आभार. दाब खरोखरच उतरत होता. आता तारा थेट बॅटरीला जोडल्या आहेत. बॉनेटच्या कडेला कंस बसवून अधिक लांब अँटेना लावली आणि मोकळ्या रस्त्यावर माझा पल्ला इतर गाड्यांच्या बरोबरीला आला. आता एकच प्रश्न उरतो. जामगेटच्या खाली वळणांवर मात्र सर्वच गाड्यांचा संपर्क एक किलोमीटरच्या आत तुटतो. यावर काही उपाय आहे का? शिवाय दुपारी कधी कधी कोणत्यातरी परक्या भाषेतील बोलणे आमच्या चॅनलवर येते आणि आमचे शब्द दाबून टाकते.

उत्तर : तारयंत्री (महू)

परके बोलणे आयनमंडलावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवरून येते. सूर्यावरील डागांचे चक्र शिखराजवळ असताना २७ मेगाहर्ट्झवर हे सर्रास घडते, आणि सध्याच्या पंचविसाव्या चक्राने २०२४ मध्ये शिखरावस्था गाठल्याचे जाहीर झाले आहे. चॅनल बदलणे आणि स्क्वेल्च, म्हणजे ठरावीक पातळीखालचे क्षीण आवाज गाळणारी कळ, थोडा वाढवणे, एवढेच आपल्या हातात आहे. मात्र घाटात स्क्वेल्च फार वाढवू नये, नाहीतर आपल्याच माणसाची क्षीण हाक गाळली जाईल.

घाटाचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे दोष कोणत्याच गाडीत नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि नर्मदाकाठचे मंडलेश्वर त्याहून जवळजवळ चारशे मीटर खाली आहे. अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा, म्हणजेच जामगेट, नेमका या कड्यावर उभा आहे. दरवाजातून दक्षिणेला निमाडचा सगळा सखल प्रदेश दिसतो. कड्याखाली उतरलेली गाडी आणि पठारावर मागे असलेली गाडी यांच्यामध्ये विंध्याचा अखंड खडक येतो. अकरा मीटर लांबीची लहर झाडे, गाड्या, लहान उंचवटे यांना वळसा घालते, पण शेकडो मीटरच्या कड्यामागे तीही फारशी पोहोचत नाही. शक्ती चौपट केली, तरी एस-मीटरवर तो एका एककाचाच फरक असतो आणि कड्याची सावली त्याहून कितीतरी गडद असते.

म्हणून इथे गाड्यांची मांडणीच बदलावी. एक गाडी कड्याच्या धारेवर, जिथून पठार आणि खालचा रस्ता दोन्ही दिसतात अशा जागी, रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबवावी. ती गाडी मागच्यांचा निरोप पुढच्यांना आणि पुढच्यांचा मागच्यांना शब्दशः सांगेल. दोन गाड्या खाली सपाटीवर पोहोचल्या की त्यांतील एकीने मोकळ्या जागी थांबून वरच्या गाडीशी बोलून पाहावे. नजरेच्या रेषेत असल्याने तिथून कड्यावरचे बोलणे अनेक किलोमीटरवरूनही स्वच्छ मिळते. त्यानंतरच धारेवरच्या गाडीने उतरण्यास सुरुवात करावी. वळणांच्या मधोमध संपर्क तुटला, तर गाडी तिथेच थांबवून हाका मारत बसण्याऐवजी पुढच्या बाहेरच्या वळणापर्यंत, म्हणजे जिथे दरी उघडी दिसते तिथपर्यंत, सावकाश जाऊन बोलावे.

नवी अँटेना लांब आहे, म्हणून घाटातल्या झुकलेल्या फांद्यांकडे आणि गावातल्या खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारांकडे लक्ष ठेवावे. प्रवासाहून परतल्यावर कंसाचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि उघड्या धातूवर ग्रीसचा हात फिरवावा. आपण रंग खरवडला आहे, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होईल.